सायट्रेटची नळी आणि एक अपवाद

रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू आहेत का हे ते बाटलीत वाढवून पाहण्याची चाचणी, पॉझिटिव्ह येणे ही रोजचीच बाब असते. बाटलीतले जिवाणू वाढू लागले की ते कार्बन डायऑक्साइड सोडतात, यंत्र तो बदल टिपते आणि इशारा देते. पण एकाच वॉर्डातून आलेल्या बाटल्या पाठोपाठ पॉझिटिव्ह येऊ लागल्या, प्रत्येकीत सेराशिया मार्सेसेन्स हाच जिवाणू मिळू लागला आणि प्रतिजैविकांना त्याचा प्रतिसादही दर वेळी एकसारखा दिसू लागला, तेव्हा आम्ही सगळेच सावध झालो. रक्तात सेराशिया असलेला रुग्ण तापाने फणफणलेला, बऱ्याचदा रक्तदाब घसरलेला असतो. इथे मात्र बहुतेक रुग्ण खाटेवर बसून गप्पा मारत होते, आणि काहींचा ताप तर आमचा अहवाल वॉर्डात पोहोचण्याआधीच उतरला होता.

त्या सकाळच्या बैठकीत मी फळ्यावर तीन शक्यता लिहिल्या: संसर्ग खराच आहे; जिवाणू आमच्या प्रयोगशाळेत बाटल्यांत शिरत आहेत; किंवा रक्त घेतानाच ते मिसळत आहेत. प्रत्येक शक्यतेपुढे मी एक रकाना रिकामा ठेवला आणि त्यात ती चुकीची असेल तर आपल्याला काय दिसेल, हे सर्वांनी मिळून भरायचे ठरले. हा रकाना भरणे मला तपासातले सर्वांत महत्त्वाचे काम वाटते, कारण एखादा अंदाज कशाने मोडेल हे निकाल हाती येण्याआधी ठरवले नाही, तर नंतर कोणताही निकाल त्या अंदाजाच्या बाजूने वळवता येतो.

प्रयोगशाळेवरचा संशय आधी निकालात निघाला. आमच्याकडे दोष असता तर त्याच टेबलावर, त्याच हातांनी हाताळलेल्या इतर वॉर्डांच्या बाटल्याही बिघडायला हव्या होत्या. त्या स्वच्छ होत्या. तरीही देखभाल विभागातल्या अभियंत्याने वायुवीजन तपासण्याचा आग्रह धरला, आणि तो आग्रह योग्यच होता. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे, ही त्याच्या कामाची शिस्त. सेफ्टी कॅबिनेटमध्ये त्याच्यासमोर उघडून हाताळलेली, रक्त न भरलेली बाटली शेवटपर्यंत निगेटिव्ह राहिली.

मग मी वॉर्डात जाऊन रक्त घेण्याची पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहत उभी राहिले. सिस्टरांनी त्वचा नीट स्वच्छ केली, सिरिंजमध्ये रक्त घेतले, त्यातले थोडे ई. एस. आर.च्या (रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजणाऱ्या चाचणीच्या) नळीत सोडले आणि मग त्याच सुईने उरलेले रक्त कल्चरच्या बाटलीत भरले. नळीत तळाशी रक्त गोठू न देणारे सोडियम सायट्रेटचे द्रावण होते आणि सुईचे टोक नळीच्या ओल्या कडेला टेकले. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडून गेले. ई. एस. आर.साठी द्रावण निर्जंतुक असण्याची गरज नसते, त्यामुळे या नळ्या वॉर्डातच एका मोठ्या बाटलीतून भरल्या जात होत्या. कल्चरची बाटली सर्वांत आधी भरायची, हा क्रम या धोक्यासाठीच सांगितलेला असतो. सिस्टरांना तो क्रम कुणी कधी समजावून दिलेलाच नव्हता, हे मला तिथेच कळले.

प्रयोगशाळेत परतल्यावर रॅकमध्ये सेराशियाच्या ओळखचाचणीची सिमन्स सायट्रेटची नळी दिसली. या माध्यमात कार्बनचा स्रोत म्हणून फक्त सायट्रेट असते. त्यावर जगू शकणारा जिवाणू वाढला की हिरवे माध्यम गडद निळे होते. ई. कोलाय सहसा तिथे उपाशी मरतो. आमची नळी निळीशार होती. म्हणजे वॉर्डातल्या सायट्रेटच्या बाटलीत हा जिवाणू आरामात तग धरू शकत होता. अर्थात, तग धरू शकतो म्हणजे तो तिथे आहेच, असे नव्हे.

आमच्या संख्याशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी इथे महत्त्वाचा अडसर घातला. पॉझिटिव्ह रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांचे ई. एस. आर. झाले होते, हे ऐकून ते म्हणाले, "पण निगेटिव्ह आलेल्यांचे काय? त्या वॉर्डात सगळ्यांचेच ई. एस. आर. होत असेल, तर तुमच्या माहितीला काही अर्थ नाही." नोंदवही काढून आम्ही चार चौकटींचा तक्ता भरला. निगेटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांच्या नावापुढे ई. एस. आर. नव्हते.

"पण मॅडम, यात प्रयोग कुठे आहे?" रेसिडेन्ट डॉक्टरने विचारले. प्रश्न रास्त होता, कारण मुद्दाम चुकीच्या क्रमाने कुणाचे रक्त घेऊन पाहणे आम्हाला शक्यच नव्हते. मी त्याला जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचे उदाहरण दिले. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यू दाटले आहेत एवढ्यावर तो थांबला नाही. त्याच परिसरात राहून वाचलेली माणसेही त्याने शोधली. जवळच्या आश्रयगृहात 535 माणसे होती आणि त्यांतली फक्त पाच दगावली. त्या इमारतीत स्वतःची विहीर होती. दारूच्या भट्टीतले कामगार पंपाचे पाणी पीत नव्हते, तेही वाचले. प्रयोग करता येत नाही तिथे अशी तुलना शोधावी लागते, आणि ती अंदाजाच्या विरुद्ध जाऊ शकेल अशीच निवडावी लागते.

जे प्रयोगाने तपासता येत होते, ते मात्र आम्ही सोडले नाही. त्या वॉर्डातले द्रावण, दुसऱ्या वॉर्डातले द्रावण आणि ताजे बनवलेले द्रावण केवळ क्रमांक टाकून जिवाणू वाढवण्याच्या प्लेटवर लावले. कोणता क्रमांक कशाचा, हे प्लेट वाचणाऱ्याला सांगितले नाही.

दुपारी त्याच वॉर्डातून आणखी एक बाटली पॉझिटिव्ह आली. ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, पुन्हा तसेच गुलाबी दंडाकार जिवाणू. एव्हाना आमचे स्पष्टीकरण इतके चपखल बसले होते की, "हेही तेच असणार, प्रतिजैविकाची गरज नाही असे कळवू या का?" असे रेसिडेन्टने विचारले. मी थांबवले. या रुग्णाचे ई. एस. आर. झालेच नव्हते. त्याला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी) होती, थंडी वाजून ताप भरला होता आणि लाइनमधून घेतलेली व हाताच्या शिरेतून घेतलेली, अशा दोन्ही बाटल्या काही तासांतच पॉझिटिव्ह आल्या होत्या. आमच्या अंदाजाप्रमाणे यांतले काहीच दिसायला नको होते. मी वॉर्डाला फोन करून हा संसर्ग खरा समजूनच उपचार सुरू करायला सांगितले.

मला त्या क्षणी आठवला तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिये. युरेनसच्या कक्षेतल्या विचलनावरून त्याने न दिसलेल्या ग्रहाची जागा गणिताने काढली आणि 1846 मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ गालेला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही विचलन आढळले, तेव्हा त्याने तोच तर्क लावून सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह मानला. तो ग्रह कधीच मिळाला नाही. बुधाचे शतकाला 43 विकलांचे कोडे 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेने उलगडले. नेपच्यून शोधून देणारा तर्क बुधापाशी लागू पडला नाही, आणि हे कळले ते खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून व्हल्कन खरोखर शोधून पाहिल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दुपारच्या बाटलीतली कॉलनी (जिवाणूंचा वाढलेला ठिपका) मी जिवाणू ओळखायला मदत करणाऱ्या ऑक्सिडेज पट्टीवर घासली. सेराशिया असता तर पट्टी तशीच राहिली असती. ती दहा सेकंदांच्या आत गडद जांभळी झाली. तो स्यूडोमोनास एरुजिनोसा हा वेगळाच जिवाणू होता. रुग्णाची लाइन काढली आणि प्रतिजैविके चालू ठेवली. त्याच सकाळी द्रावणांच्या प्लेटही वाचल्या. क्रमांकांची यादी उघडली तेव्हा सेराशिया फक्त त्या वॉर्डाच्या द्रावणात निघाला होता.

वॉर्डाने रक्त भरण्याचा क्रम आणि द्रावण दोन्ही एकदमच बदलले, कारण रुग्णांना ताटकळत ठेवून एकेक बदल तपासणे योग्य नव्हते. त्यानंतर तिथून सेराशिया येणे थांबले, पण कोणत्या बदलाने किती फरक पडला हे त्यावरून सांगता येत नाही. प्रतिजैविकांना सारखा प्रतिसाद देणारे दोन जिवाणू एकाच वाणाचे असतात असेही नाही. म्हणून अहवालात मी "सर्वाधिक संभाव्य कारण" असे लिहिले आणि रुग्णांच्या बाटल्यांतले व द्रावणातले जिवाणू जनुकीय तुलनेसाठी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवून दिले.