घासून जाणारी चित्रे

सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली बार्ट या स्थानिक रेल्वेची गाडी खाडीखालच्या बोगद्यातून वर आली की पहिलेच स्थानक वेस्ट ऑकलंडचे. तेथून वीसेक मिनिटे चालत मी डिफ्रेमरी बागेतले टाउन पार्क गाठले. के-डब या नावाने परिचित असलेले कीथ विल्यम्स यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे स्केटपार्क. मला स्केटबोर्डवर धड उभेही राहता येत नाही; मी गेले होते ती फळ्यांखालची चित्रे पाहायला.

स्केटबोर्डची फळी साधारणपणे मेपलच्या लाकडाच्या 7 पातळ थरांची असते. पाय घसरू नये म्हणून वर पॉलिश पेपरसारखी खरखरीत ग्रिप टेप चिकटवतात, त्यामुळे चित्राला जागा उरते ती पोटाकडची, म्हणजे फळी हवेत उलटली किंवा स्वार आपटला तरच नीट दिसणारी.

कठड्यावर दम खात बसलेल्या एका स्केटरच्या फळीवर चित्रकार जेफ्री चंग यांची चित्रे होती: रंगीबेरंगी, गुबगुबीत, उघडी, एकमेकांत गुंतलेली शरीरे, त्यांत स्त्री कोण नि पुरुष कोण, हा प्रश्नच पडू नये. चंग आणि गेब्रिएल रामिरेझ यांनी ऑकलंडमध्येच ‘युनिटी’ हा स्केटबोर्डिंगचा उपक्रम सुरू केला आणि क्वीअर, म्हणजे लिंगभाव वा लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या, मुलामुलींना कुणाच्या टोमण्यांची धास्ती न बाळगता एकत्र खेळता यावे, यासाठी खास दिवस ठरवून त्यांना जमवायला सुरुवात केली. ती धास्ती उगाच नव्हती. ब्रायन अँडरसन 1999 मध्ये स्केटबोर्डिंगच्या ‘थ्रॅशर’ मासिकाचे ‘वर्षाचे स्केटर’ ठरले. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले, ते मात्र 2016 मध्ये.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणारे अमेरिकी स्केटर अलाना स्मिथ यांनी आपल्या फळीवर ‘दे/देम’ ही इंग्रजीतली लिंगनिरपेक्ष सर्वनामे लिहून आणली, तरीही समालोचकांकडून चुका झाल्याच. वहीत टिपण करताना समोरच्या स्केटरबद्दल माझीही पंचाईत झाली. आदरार्थी ‘खेळतात’ म्हणून वर्तमानकाळ निभावतो, भूतकाळात मात्र ‘आले’ की ‘आल्या’ येथे गाडे अडते. ‘त्यांनी’ने सुरू होणारे वाक्य रचले तरच सुटका. (व्याकरणाच्या तासाला हे कुणी शिकवले नव्हते.)

त्यांनी फळी उलटी करून माझ्यासमोर धरली. लोखंडी कठड्यांवर घासून मधली शरीरे पार खरवडली होती. एक डोळा आणि दोन पावले तेवढी शिल्लक होती. वाईट वाटत नाही का, असे मी विचारले.

‘‘भिंतीवर टांगायला घेतली नव्हती,’’ त्यांनी हसून उत्तर दिले आणि फळी पुन्हा उताराच्या कडेला लावली.