फिक्स्ड गिअर सायकल: आधी आटे, मग रंग

दोन वर्षांपूर्वी जळगावातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडून मी त्याची वापरलेली फिक्स्ड गिअर सायकल नऊ हजार रुपयांना घेतली. तिला मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते आणि ब्रेकही नव्हता. नजरेत भरावेत असे नारंगी रंगाचे खोल रिम मात्र होते. सायकल दारात उभी केल्यावर आमच्या नानांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि दळणाचा डबा कुठे ठेवायचा, एवढा एकच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

ज्यांनी ही सायकल चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर हिला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग, नसतो. मागचे दातेरी चक्र हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, घट्ट बसवलेले असते, त्यामुळे चाक फिरत आहे तोवर पायडलही फिरत राहते आणि उतारावर पाय थांबवून आरामात बसण्याची सोय राहत नाही. वेग कमी करायचा असेल तर पायांनी पायडलला मागे रेटा द्यावा लागतो. हा मागचा रेटा हेच या सायकलचे वैशिष्ट्य आहे आणि स्वस्त सायकलचे स्वस्त भाग नेमके त्याच रेट्याखाली उघडे पडतात, हे मला पहिल्या पंधरवड्यातच कळले.

रेल्वेवरच्या पुलावरून उतरताना मी वेग कमी करण्यासाठी पाय रोखले आणि पायडल एकाएकी हलके झाले. मागचे चक्र हबवरून सुटून उलटे फिरू लागले होते. समोर रिक्षा उभी होती. बूट रस्त्यावर घासत, कडेच्या मातीत सायकल घालून मी कसाबसा थांबलो. दुसऱ्या दिवशी चाक घेऊन सायकलचे जुने कारागीर असलेल्या अप्पांकडे गेलो. त्यांनी चक्राबाहेरची रिंग बोटांनीच सोडवली, हब उजेडात धरला आणि म्हणाले, "भाऊ, आटा उलटा नही, मंग कितलाबी कस, सुटीच जाई."

मुद्दा खरोखर तेवढाच होता. चक्र सरळ आट्यांवर चढवलेले असते, म्हणून पुढे पायडल मारताना ते अधिकाधिक आवळत जाते आणि मागे रेटा दिला की सैल होऊ पाहते. ते सुटू नये म्हणून फिक्स्ड गिअरसाठीच बनवलेल्या खऱ्या ट्रॅक हबवर चक्राच्या बाहेर थोड्या लहान व्यासाचे उलटे आटे पाडलेले असतात आणि त्यांवर लॉकरिंग बसते. चक्र सैल व्हायला लागले की ते लॉकरिंगला स्वतःच आवळते. माझ्या सायकलला आधीच्या मालकाने साध्या फ्रीव्हीलचा हब लावून त्यावर चक्र चढवले होते आणि बाहेरून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलच्या आसाच्या जागेची, लॉकरिंग पिळली होती. दोन्हींचे आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असल्यामुळे ती रिंग अगदी बेमालूम बसते, पण तीही सरळ आट्यांची असल्याने चक्राबरोबरच सुटते. मधे घट्ट बसणारे रसायन लावून काम भागवणारे लोक आहेत, काही जण तर फ्रीव्हीलच वेल्डिंग करून घेतात. माझा या दोन्हींवर विश्वास नाही. जी सायकल पायाने थांबवायची, तिच्या आट्यांवर काटकसर करू नये.

म्हणून पहिला खर्च मागच्या चाकावर झाला. फ्रेमच्या मागच्या खाचांमधले अंतर मोजले, ते १२० मिलिमीटर भरले, म्हणजे ट्रॅक हबचे नेहमीचे माप. हब ३६ छिद्रांचा घेतला, कारण आपल्या रस्त्यांवर चार तारा जास्त असलेल्या बऱ्या, आणि रिम साधे, कमी उंचीचे घेतले. अप्पांनी तारा ओढून चाकाचा आऊट काढून दिला. नारंगी रिम आता गच्चीत कारल्याच्या वेलाला आधार देत आहे.

यानंतर दात्यांचा प्रश्न आला. सायकलला पुढे ४८ आणि मागे १६ दाते होते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे. ७०० बाय २८ टायरचा घेर साधारण २.१४ मीटर असतो, तेव्हा एका फेऱ्यात सायकल जवळपास ६.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, हे फार सुखाचे वाटते आणि विकणारा नेमक्या अशाच वेळी सायकल चालवून दाखवतो. मी पहाटे बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडून पाळधीच्या दिशेने जातो. मे महिन्याच्या उत्तरार्धात तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा असा सुटतो की साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या का उभारल्या, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. जाताना तो तोंडावर येतो आणि वेग ताशी १८ किलोमीटरवर उतरतो. त्या वेगाला ४८-१६ वर पायडलचे मिनिटाला जेमतेम ४७ फेरे पडतात आणि प्रत्येक फेरा गुडघ्याला जाणवतो. येताना तोच वारा पाठीशी असतो, वेग ३८ पर्यंत जातो आणि पाय मिनिटाला ९९ वेळा फिरतात. गिअरच्या सायकलवर या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सोडवता येतात. येथे जाण्याचा आणि येण्याचा न्याय एकाच चक्राने करायचा असतो.

मी मागे १७ दात्यांचे चक्र लावले. आता एका फेऱ्यात सायकल सहा मीटरच्या आसपास जाते, समोरच्या वाऱ्यात पायांना ५० फेरे मिळतात आणि परतताना १०५ फेरे करावे लागतात, जे सवयीने जमते. ४७ आणि ५० मधला फरक कागदावर नगण्य दिसतो, पण वाऱ्यात दहा किलोमीटर गेल्यावर तो नगण्य राहत नाही. एक दाता वाढल्याने मागचा एक्सल खाचेत सुमारे तीन मिलिमीटर पुढे सरकतो, त्यामुळे चेनची कडी तोडण्याचीही गरज पडली नाही. शिवाय ४८ ला १६ ने पूर्ण भाग जात असल्यामुळे पाय नेहमीच्या एकाच स्थितीत अडवून चाक घसरवले की दर वेळी टायरचा एकच भाग रस्त्याला घासतो. १७ दात्यांवर ती झीज १७ जागी वाटली जाते. अर्थात पुढचा ब्रेक लावल्यावर चाक घसरवत थांबण्याची हौस मला उरलेली नाही.

तो ब्रेक हा दुसरा खर्च होता, खरे तर तो पहिला असायला हवा होता. थांबताना सारे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून खरी रोखण्याची ताकद तिथेच असते. मागचे चाक पायांनी कितीही अडवले तरी ते लवकर घसरते. सुदैवाने फोर्कला ब्रेकसाठी छिद्र होते. सायकल घेताना ते पाहून घ्यावे, कारण छिद्र नसलेला फोर्क दिसतो सुबक, पण त्याला ब्रेक लावता येत नाही. पुढचा रिमही बदलावा लागला. कडेपर्यंत रंगवलेल्या रिमवर ब्रेकचे रबर रंग खरवडून स्वतःला माखून घेते आणि मग नुसते घसरते.

टायरच्या बाबतीत मी २३ मिलिमीटरवरून फ्रेममध्ये मावतील तेवढ्या जाड, म्हणजे २८ च्या टायरवर आलो. कारण वेगाचे नव्हते, सराट्यांचे होते. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर सराटे डांबरावर येतात आणि पातळ टायरमधून थेट ट्यूबपर्यंत पोहोचतात. आतून जाड पट्टी असलेले टायर महाग असले तरी पंक्चरचे पैसे आणि उन्हात हात काळे करणे वाचवतात. उन्हाचा आणखी एक हिशोब ध्यानात ठेवावा. पहाटे २५ अंशांना ८० पौंड हवा भरलेली सायकल दुपारी उन्हात उभी राहिली आणि टायरमधली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब ९० पौंडांच्या वर जातो. त्यामुळे उन्हाळ्यात मी टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या बराच खाली थांबतो आणि सायकल सावलीत लावतो.

चेन मात्र मी बाहेरून मागवली नाही. अर्धा इंच अंतराची आणि अष्टमांश इंच रुंदीची जी चेन आपल्या साध्या काळ्या सायकलला लागते, तीच हिलाही चालते. बारा इंचांच्या लांबीत ती अष्टमांश इंच वाढली की बदलायची, नाहीतर ती नव्या चक्राचे दातेही खाते. ताण सर्वत्र सारखा नसतो, कारण स्वस्त चेनव्हील, म्हणजे पुढचे दातेरी चक्र, पूर्ण गोल बसलेले नसते. जिथे चेन सर्वांत जास्त आवळते तिथेही ती वरखाली थोडी हलली पाहिजे.

क्रँकबद्दल, म्हणजे पायडलच्या दांड्याबद्दल, एकच सांगतो. मागेपुढे दोन्ही बाजूंनी जोर पडत असल्यामुळे डावा क्रँक लवकर सैल होतो आणि तसाच चालवला तर ॲल्युमिनियमचे चौकोनी छिद्र गोलसर होऊन तो कायमचा वाया जातो. माझा तसाच गेला. नवीन घेताना १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचा जोड घेतला, कारण वळणावरही पायडल फिरतच असते आणि ते रस्त्याला लागू नये म्हणून ते पाच मिलिमीटर कामी येतात. हँडल, सीट आणि ग्रिप जुन्याच आहेत. त्यांनी काही तक्रार केलेली नाही.

नव्या हबच्या दुसऱ्या बाजूलाही आटे आहेत. तिथे मी १८ दात्यांचे साधे फ्रीव्हील बसवले आहे, म्हणजे चाक काढून उलटे लावले की सायकल नेहमीसारखी होते. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चालता चालता गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, १९३७ साली परवानगी मिळेपर्यंत स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक असेच उलटवत असत. चाळीसगावहून कन्नडचा घाट या बाजूवर चढून पाहण्याचा माझा विचार आहे. मात्र फ्रीव्हीलवर पायांचा रेटा निघून जातो आणि एका ब्रेकवर तो घाट उतरणे मला मान्य नाही, तेव्हा त्याआधी मागचा ब्रेक लावायचा आहे. अप्पांनी त्यासाठी दिवाळीनंतरची वेळ दिली आहे.