कांदा परतायला लागणारा वेळ

पाककृतीत लिहिले होते की कांदा सोनेरी तपकिरी होईपर्यंत परतावा, साधारण दहा मिनिटे. गेल्या महिन्यात एका रविवारी मी चार मोठे कांदे उभे, पातळ चिरून जाड बुडाच्या कढईत घातले, वर चिमूटभर मीठ टाकले आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून उभी राहिले. दहा मिनिटांनी कांदा जेमतेम पारदर्शक झाला होता. विसाव्या मिनिटाला तो आक्रसून निम्मा झाला, पण रंग अजून फिकटच होता. पंचेचाळिसाव्या मिनिटाला, दोनदा बुडाला लागता लागता वाचून आणि तीनदा पाण्याचा शिपका खाऊन, तो मला हवा होता तसा झाला: गडद, चिकटसर, गोड आणि शेवटी किंचित कडवट.

कारण अगदी साधे आहे. कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी असते आणि ते बरेचसे उडून जाईपर्यंत कढईतल्या कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. रंग आणि खमंगपणा देणारी जी रासायनिक प्रक्रिया लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रथम मांडली, ती मात्र साधारण १४० अंशांच्या आसपास खरा जोर धरते. पाककृती लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्याने कधी ना कधी कांदा परतलाच असणार. पण ‘पाऊण तास’ असे छापले तर वाचणारा पान उलटून पुढे जाईल, या भीतीने त्याने दहा मिनिटे लिहिली असावीत.

त्या पाऊण तासात दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून मी आंद्रे थ्री थाउजंड यांचा ‘न्यू ब्लू सन’ हा २०२३ चा अल्बम लावला होता. आउटकास्ट या जोडीतला हा नामवंत रॅपर. त्याने कित्येक वर्षांनी स्वतःचा अल्बम काढला तो बासऱ्यांचा, आणि त्यात शब्द एकही नाही. पहिल्या रचनेचे शीर्षकच एक लांबलचक क्षमायाचना आहे: खरोखर रॅपचाच अल्बम करायचा होता हो, पण या वेळी वाऱ्याने मला इकडे आणून सोडले, अशा अर्थाची. ती रचना १२ मिनिटे २० सेकंदांची आहे आणि तिने अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट हंड्रेड’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जागा मिळवलेली सर्वांत लांब रचना म्हणून विक्रम केला. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चौथ्या मिनिटाला कंटाळून बंद केली होती. हातात कालथा असताना मात्र ती फार सुंदर वाटली, आणि ती संपली तेव्हा कांदा नुकता कुठे मऊ पडला होता. ही प्रशंसा आहे की निंदा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मन लावून बसले तर कंटाळा यावा आणि हात गुंतलेले असताना आनंद व्हावा, असे संगीत थोर म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

हे लिहायला बसल्यावर लक्षात आले की गेल्या दोन-तीन वर्षांत जे पाहिले, ऐकले आणि वाचले त्याविषयी माझी जी काही मते साचली आहेत, ती बहुतेक लांबीविषयीचीच आहेत. गाणी आखूड झाली, चित्रपट लांबले आणि मालिकांना काही धरबंधच राहिला नाही, ही तक्रार सगळेच करतात. मी त्यात थोडी भर घालते. एखादी कृती किती लांब आहे याने माझे काही बिघडत नाही. ती लांबी तिच्या आतल्या मजकुराने ठरवली की बाहेरच्या कुणी, हे मात्र मला चटकन जाणवते आणि तिथेच माझा विरस होतो.

गाण्यांच्या बाबतीत हा बाहेरचा कुणी नेहमीच हजर होता. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच ध्वनिमुद्रण मावायचे, म्हणून गाणे तीन मिनिटांचे झाले. आता स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की एकदा ऐकले गेल्याची नोंद होते, त्यामुळे प्रास्ताविक वाद्यसंगीताला कात्री लागते आणि पहिल्या दहा सेकंदांत गायकाचा आवाज कानावर आदळतो. मला प्रास्ताविक वाद्यसंगीत अतोनात प्रिय आहे, तेव्हा माझा राग पक्षपाती समजावा. उलट, लांबवले म्हणून गाणे सुधारते असेही नाही. टेलर स्विफ्ट यांच्या ‘ऑल टू वेल’ या २०१२ मधल्या गाण्याची दहा मिनिटांची आवृत्ती २०२१ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या त्याच यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिथे पोहोचलेले इतके लांब गाणे दुसरे नव्हते. तिच्यातला तपशील कुतूहल भागवतो, हे खरे. तरीही मला विचाराल तर मूळ गाणेच सरस आहे, कारण त्यात राग कुठे गिळला आहे ते ऐकू येते आणि लांब आवृत्तीत तो सगळा बोलून टाकलेला आहे.

चित्रपटांकडे वळते. ‘ओपनहायमर’ (२०२३) बरोबर तीन तासांचा आहे. आयमॅक्ससाठी केलेली त्याची ७० मिलिमीटरची प्रत ११ मैल, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोमीटर लांब आणि २७० किलोंच्या घरात वजनाची होती, हे वाचल्यापासून तो चित्रपट माझ्या डोळ्यांपुढे एखाद्या गुंडाळलेल्या रस्त्यासारखा येतो. त्याच्यावर माझा मुख्य आक्षेप पार्श्वसंगीताला आहे. दोन माणसे खोलीत साधे बोलत असली तरी मागे व्हायोलिने पळत असतात, जणू प्रेक्षक उठून जाईल अशी दिग्दर्शकाला सारखी धास्ती आहे. म्हणूनच अणुस्फोटाचा प्रसंग एवढा उठून दिसतो. तिथे आधी प्रकाश येतो, आणि आवाज येतच नाही. ऐकू येतो तो फक्त श्वास. पहिली अणुचाचणी झाली त्या १६ जुलै १९४५ च्या पहाटे निरीक्षणासाठी बांधलेले सर्वांत जवळचे खंदक स्फोटापासून सुमारे नऊ किलोमीटरवर होते. तेवढे अंतर कापायला ध्वनीला जवळजवळ अर्धे मिनिट लागते. चित्रपटाने ही प्रतीक्षा छाटली नाही, उलट ताणली, आणि ते धडाडणे कानावर आले तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस अक्षरशः दचकून उठला. आपल्याला माहीत होते की आवाज येणार आहे. तरीही. तीन तासांतली ही शांतताच मला सर्वांत नीट आठवते.

एका वास्तुविशारदाची गोष्ट सांगणारा ‘द ब्रूटलिस्ट’ (२०२४) त्याहून लांब, २१५ मिनिटांचा, आणि त्यातली १५ मिनिटे मध्यंतराची. हे मध्यंतर चित्रपटाचाच भाग आहे: पडद्यावर लग्नातले एक जुने छायाचित्र आणि उलटी मोजणी करणारे घड्याळ. लोक बाहेर गेले, मी मात्र बसून त्या छायाचित्रातले चेहरे पाहत राहिले, आणि उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा मला त्या माणसांची थोडी ओळख झालेली होती. असे मध्यंतर मला दर आठवड्याला चालेल. चिडले ते शेवटाला. तीन तासांहून अधिक काळ ज्या इमारतीकडे आपण पाहत राहतो, तिचा अर्थ उपसंहारात १९८० च्या व्हेनिसमधल्या समारंभात एक पात्र भाषण करून समजावून सांगते. काहींच्या मते ते भाषण मुद्दामच संशयास्पद ठेवलेले आहे. असेलही, मला ते गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांसारखे वाटले.

गंमत अशी की ‘ओपनहायमर’चा नायक किलियन मर्फी यांचाच ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२४) अवघ्या ९८ मिनिटांत संपतो आणि तरी तो मला अधिक संथ, म्हणजे चांगल्या अर्थाने संथ, वाटला. आयर्लंडमधल्या एका गावात १९८५ च्या नाताळाच्या सुमारास कोळसा विकणारा माणूस रोज घरी येऊन हात धुतो. ब्रशने नखे घासतो, पाणी काळे होते, पुन्हा घासतो. त्याच्या मनात काय चालले आहे हे कुणी सांगत नाही. घासण्याचा वेग बदलतो, तेवढ्यावर आपण समजून घ्यायचे. क्लेअर कीगन यांची मूळ कादंबरी शंभराहून थोड्याच अधिक पानांची आहे आणि चित्रपटाने तिला ओढूनताणून मोठे केले नाही, याबद्दल संबंधितांचे आभार मानावेसे वाटतात.

मालिकांविषयी माझे मन कलुषित झालेले आहे. दोन तासांची गोष्ट आठ भागांत पसरायची आणि चौथ्या-पाचव्या भागात सगळ्या पात्रांना बालपणीच्या आठवणी यायला लागायच्या, हा प्रकार इतका ओळखीचा झाला आहे की ‘फ्लॅशबॅक’ सुरू झाला की मी चहा करायला उठते. ‘सेव्हरन्स’ मला मनापासून आवडली होती, पण तिचे पहिले पर्व २०२२ मध्ये आले आणि दुसरे २०२५ मध्ये. मधल्या काळात कोणत्या पात्राला काय आठवते आणि काय आठवत नाही, हेच मी विसरले. स्मृतीवरच बेतलेल्या मालिकेच्या बाबतीत हे व्हावे, याचे हसू येते. मग मी दीडपट वेगाने मागचे भाग पाहून पाहिले. संवाद कळले, पण संवादांमधल्या थांबण्यावर ज्या नटांची सगळी कमाई होती ती वाया गेली.

‘अ‍ॅडोलसन्स’ (२०२५) मला वेगाने पाहताच आली नाही. चार भाग, आणि प्रत्येक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला. पहिल्या भागात तेरा वर्षांच्या मुलाला पोलीस घरातून उचलतात आणि गाडीत बसवून ठाण्यात नेतात. दुसऱ्या कोणत्याही मालिकेत दार बंद झाले की पुढच्या क्षणी ठाणे दिसले असते. इथे कॅमेरा गाडीतच बसतो, आणि घर ते ठाणे हे अंतर मुलगा ज्या वेळात काटतो त्याच वेळात आपणही काटतो. त्याला काय होणार ते कळत नाही, आपल्यालाही नाही. तिसऱ्या भागात तर खोली एक, मुलगा एक आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. बोलणे कधी बिनसते ते नेमके दाखवता येणार नाही, इतके ते हळूहळू तापत जाते. एकाच शॉटचा हा हट्ट मला पुष्कळदा करामतीचा मोह वाटत आला आहे, आणि दुसऱ्या भागात शाळेवरून कॅमेरा उडत जातो तिथे याही मालिकेत तो थोडा वाटला. तिसऱ्या भागानंतर मात्र मी तक्रार मागे घेतली.

पुस्तकांबद्दल थोडेच, कारण या वर्षी मी थोडेच वाचले. २०२४ चे बुकर पारितोषिक मिळवणारी समँथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ ही १३६ पानांची कादंबरी मी तीन आठवडे वाचत होते. अंतराळ स्थानकातली सहा माणसे, एक दिवस आणि त्या दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. कथानक शोधणाऱ्याने तिकडे फिरकू नये. मधल्या काही पानांवर खंडांची आणि महासागरांची वर्णने इतकी सलग येतात की माझेही डोळे मिटले. पण एकेक फेरी वाचून पुस्तक मिटायचे, अशी सवय लागली आणि ती मोडवेना.

तिची शेवटची प्रकरणे मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून वाचली, कारण कढईत पुन्हा कांदे होते. या वेळी खाण्याचा सोडा चिमूटभर टाकून घाई करून पाहिली होती. त्याने रंग पंधरा मिनिटांतच येतो, पण कांद्याचा पार लगदा होतो. तो बाजूला काढून मी नव्याने चार कांदे चिरले. स्थानकाची एक फेरी नव्वद मिनिटांची असते. म्हणजे माझा कांदा तयार झाला तेव्हा ते सहाजण अर्धी पृथ्वी ओलांडून रात्रीच्या बाजूला गेलेले होते.