हर्णै ते मालवण, एका अक्षरासाठी

शिमगा उलटून आठ दिवस झाल्यावर आम्ही दोघं, मी आणि आमचा तंत्रज्ञ, भोसरीहून पहाटे निघालो. शिमग्यात कोकणात कामाला जाऊ नये. माणसं पालखीमागे असतात आणि होड्या बंदरात उभ्या असल्या तरी त्यांच्यावर कोणी सापडत नाही. गाडीत मागे दोन लोखंडी पेट्या, एक बादली कोरडी वाळू, नव्या गास्केटांचं (झाकणाखालच्या रबरी पट्ट्यांचं) पाकीट आणि एक जाड रजिस्टर होतं. गेल्या हंगामात आमच्या कंपनीने किनाऱ्यावर ६४ दिवे दिले होते. ते एकेक करून गाठायचे, आत कोणता सेल आहे ते पाहायचं आणि चाचणी न झालेला निघाला तर बॅटरी बदलून द्यायची.

हा दिवा मासेमारीच्या जाळ्याच्या टोकाला बोयावर, म्हणजे तरंगत्या खुणेवर, बांधतात. रात्री आपलं जाळं कुठवर पसरलंय ते तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) दिसावं आणि दुसऱ्याच्या होडीचा पंखा त्यात अडकू नये, म्हणून तो लुकलुकत राहतो. कंपनीतली कागदपत्रं, नोंदण्या आणि चाचणी अहवाल मी सांभाळते, म्हणून हा प्रवास माझ्याकडे आला.

चूक आमच्याकडेच झाली होती आणि ती नीट सांगते, कारण छोट्या कारखान्यांत ती सहज होते. पॅकमध्ये २५०० एमएएचचे तीन सेल सिरीजमध्ये होते. १०.८ व्होल्ट गुणिले २.५ अँपिअर-तास, म्हणजे २७ वॉट-तास. ऑक्टोबरात तो सेल बाजारात मिळेना, तेव्हा खरेदी विभागाने ३२०० एमएएचचा आणला. आकार तोच, व्होल्टेज तेच. मागणीपत्रावर ‘समतुल्य’ असा शेरा पडला, बदलपत्रक निघालंच नाही, आणि लेबलावर रिव्हिजन, म्हणजे वस्तूच्या आवृत्तीचं अक्षर, ‘सी’ होतं ते ‘सी’च राहिलं. नवा पॅक ३४.५६ वॉट-तासांचा झाला, म्हणजे २८ टक्क्यांनी मोठा. लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी जी यूएन ३८.३ चाचणी लागते, तिच्या नियमांत रिचार्जेबल बॅटरीची ऊर्जा २० टक्क्यांहून जास्त बदलली की तो नवा प्रकार धरतात आणि चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. विरळ हवा, ७२ अंशांपासून उणे ४० अंशांपर्यंतचे तापमानाचे फेरे, कंपन, धक्का, शॉर्टसर्किट, सगळं पहिल्यापासून. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) लिथियम बॅटरी सुरक्षेच्या मानकाखालच्या, आयएस १६०४६ भाग २ खालच्या नोंदणीला जोडलेला अहवालही जुन्या सेलचाच होता. म्हणजे आमच्या फायलीतला प्रत्येक कागद खरा होता, पण तो दुसऱ्याच वस्तूबद्दल होता. जानेवारीत साठा मोजताना हे लक्षात आलं. त्या दिवशी आम्ही विक्री थांबवली आणि नवा पॅक चाचणीला धाडला.

ताम्हिणीतून माणगाव, महाड, खेड करत दापोलीला जेवलो आणि दुपारी हर्णैला उतरलो. इथे पहिली सूचना: मासळीच्या लिलावाच्या वेळी कुणाला दिव्याबद्दल विचारू नका. बाहेर नांगरलेल्या होड्यांतून माल किनाऱ्यावर येतो, त्या तासा-दोन तासांवर त्या घरांचा सगळा दिवस अवलंबून असतो. आम्ही बाजूला उभे राहिलो आणि अंधार पडू लागल्यावर बोललो. एका तांडेलकाकांनी मला जे सांगितलं ते आमच्या कुठल्याच कागदात नव्हतं: “ताई, दिवाळीनंतर आलेला दिवा दोन रात्री चालतो. आधीचा दुसऱ्या रात्री मध्येच मान टाकतो.” दिवा न उघडता सेल ओळखायची ही पहिली खूण मिळाली. मात्र तिच्यावर एकटीवर विसंबू नका. वापरून थकलेला मोठा पॅक लहान पॅकइतकाच चालतो, आणि हर्णैतच दोन दिवे या हिशेबाने चुकीच्या ढिगात गेले होते. उघडल्यावरच कळलं.

उघडायचं कुठे, यावर खूप काही अवलंबून आहे. जेटीवर उघडू नका. खारं वारं, ओले हात आणि वाळू यांतलं काहीही गास्केटखाली राहिलं की झाकण परत बसवल्यावर पाणी आत जातं. आम्ही लॉजच्या खोलीत पंखा बंद करून, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून काम केलं. उघडलेल्या प्रत्येक दिव्याला नवं गास्केट घातलं, जुनं कितीही चांगलं दिसत असलं तरी. दिव्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. खारं पाणी, ऊन आणि दोन हंगाम यांबद्दल तो आकडा काही सांगत नाही. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचं पाणी, आणि ती वेगळी मागून घ्यावी लागते.

लेबलांनी मला सर्वांत जास्त त्रास दिला. ६४ पैकी निम्म्याहून जास्त दिव्यांवर रिव्हिजनचं अक्षर वाचताच येत नव्हतं. माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या सुरक्षा मानकात लेबल पाण्याने भिजवलेल्या फडक्याने १५ सेकंद आणि मग पेट्रोलियम स्पिरिटने १५ सेकंद घासून बघतात. आम्हीही तसंच घासून बघितलं होतं आणि ते टिकलं होतं. इथे मात्र नायलॉनचा दोर रोज रात्री त्याच जागी घासतो. यापुढे आम्ही अनुक्रमांक आणि रिव्हिजन झाकणाच्या आतल्या बाजूला लेसरने कोरणार आहोत आणि पॅकवर सेलचा लॉट क्रमांक वेगळा देणार आहोत. बाहेरचं लेबल गेलं तरी आतलं बोलेल.

दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला, गुहागरात मुक्काम, मग तवसाळहून जयगडला पुन्हा फेरीबोट. गाडीत लिथियम पॅक असतील तर जेटीवर रांगेत उन्हात बंद गाडी सोडून चहाला जाऊ नका. बंद गाडी फार लवकर तापते, आणि बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. तापलेल्या गाडीतून काढलेला पॅक लगेच चार्जरला लावणं ही सवय मी याच प्रवासात आमच्या तंत्रज्ञाची मोडली.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका चाचांनी एक दिवा पिशवीत गुंडाळून आणला. तो पाण्यात फुटला होता, आत खारं पाणी गेलेलं आणि पॅक फुगलेला. असा पॅक दिसला तर चार्जर लावू नका, सुई-चिमट्याने चाळवू नका, घरात ठेवू नका. आम्ही तो उघड्यावर नेला, टोकांना टेप लावली, वाळूत पुरून लोखंडी पेटीत ठेवला आणि रात्रभर पेटी लॉजच्या अंगणात भिंतीपासून दूर ठेवली. लॉजच्या मालकांना आधी सांगितलं, ते विसरू नका. तो पॅक कुरिअरने पाठवायचा विचार कुणाच्या मनात आला तर तिथेच थांबा. फुगलेली किंवा सदोष बॅटरी विमानातून जात नाही. चांगल्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्याही १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानात न्यायच्या तर चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आम्ही सगळे जुने पॅक गाडीतूनच परत आणले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत गोळा करून रिसायकलरकडे पोचवणं ही आमचीच जबाबदारी आहे.

रजिस्टर कसं ठेवायचं ते रत्नागिरीत समजलं. आम्ही होडीच्या नावाने नोंदी केल्या होत्या आणि एकाच नावाच्या तीन होड्या निघाल्या. होडीवर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो घ्या. त्यापुढे दिव्याचा अनुक्रमांक, रिव्हिजन, सेलचा लॉट, काढलेल्या आणि घातलेल्या पॅकचा क्रमांक, तारीख, आणि तांडेलाचा अंगठा किंवा सही. प्रत्येक पानाचा फोटो त्याच रात्री. सेलवर नोंदणी क्रमांक असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून कोणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे बघता येतं. दोन दिव्यांत कुणीतरी बाहेरून सेल बदललेले होते, त्यांच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. ते आम्ही न वाद घालता बदलून दिले.

देवगड घाईत झालं.

मालवणात दोन गोष्टी लक्षात ठेवा. रापणीवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोट्या होड्यांवाले एलईडी हा शब्द ऐकला की तोंड फिरवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. जनरेटरवरचे प्रखर दिवे लावून मासळी ओढण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्या दिव्यांनी त्यांचं नुकसान केलंच आहे. आपला दिवा जाळं कुठे आहे ते दाखवणारा, अगदी मंद आहे, हे तो हातात देऊन आणि पेटवून आधी दाखवा, मग पेटी उघडा. खोक्यावरही ‘मासेमारीचा दिवा’ लिहू नका, ‘जाळ्याची खूण दाखवणारा दिवा’ लिहा. दुसरी गोष्ट, मोठा पॅक काढून लहान घालताना खरं कारण सांगा. एका काकांनी जुना पॅक परत हातात धरून विचारलं, “हो चांगलो चलता, मग काढतास कित्याक?” मी सांगितलं की याची चाचणी अजून झालेली नाही, आणि न तपासलेली बॅटरी तुमच्या होडीत, डिझेलच्या टाकीशेजारी ठेवायला मी तयार नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि पुतण्याला हाक मारून आणखी चार दिवे मागवले.

पाच दिवसांत ६१ दिवे झाले. २३ मध्ये मोठा सेल होता. देवगडचे तीन राहिले, त्या होड्या बाहेर होत्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधी होड्या शाकारायला वर ओढतात, तेव्हा एकेक दिवा हाताशी येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा निघतेय, वाळूची बादली यावेळी झाकणाची घेऊन.