होकार नाही, नकारही नाही

१६ मार्च, रात्र

आज संध्याकाळी मेल आला. जिथे पीएचडीला जायची सगळ्यात जास्त इच्छा आहे, त्याच विभागाचा. 'तुमचा अर्ज समितीच्या विचाराधीन आहे. आमच्याकडे येण्यात तुम्हाला अजून रस आहे का, ते कृपया कळवावे.' एवढंच.

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "अगं, मग घेतलं का तुला?" काय सांगणार?

डिसेंबरात अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज भरले, तेव्हापासून पोर्टलवर 'अंडर रिव्ह्यू' दिसतंय. गेल्या आठवड्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली. आता पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसहा. त्यामुळे दिवस कसाबसा जातो आणि खरी धाकधूक दिवेलागणीला सुरू होते.

मेल पुन्हा पुन्हा वाचला. सुरुवातीला 'डिअर ॲप्लिकंट' नाही, माझं नाव आहे. खाली ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरची सही आहे. लॅबमधली सीनियर ताई नेहमी सांगते की आधी पत्र कोणाचं ते बघ, शब्द नंतर. पोर्टलवरून आपोआप सुटणाऱ्या मेलमधून काहीच कळत नाही. 'विभागाने तुमची शिफारस केली आहे' असं विभागाचं पत्र आलं तर ते जवळजवळ होकारच. पण अधिकृत प्रवेशपत्र विद्यापीठाचं ग्रॅज्युएट स्कूल देतं, तेही मार्कशीट वगैरे तपासून. आणि मुलाखतीत एखादे प्राध्यापक 'तुम्ही इथे याल अशी आशा आहे' म्हणाले, तर ती त्यांची आशा, समितीचा निर्णय नव्हे. जानेवारीतल्या झूम कॉलनंतर मला कोणी नेमकं असंच म्हणालं होतं. ते वाक्य मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

आजच्या मेलचा अर्थ माझ्या मते असा, की मी वेटलिस्टवर आहे, फक्त तो शब्द त्यांनी वापरलेला नाही. तिकडे पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी आणि स्टायपेंड बहुतेक वेळा टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याच्या कामातून निघतात. म्हणून विभागाकडे पैसे किती, त्यावर जागा ठरतात. काही जण नाही म्हणणार हे धरून विभाग जागांपेक्षा जास्त पत्रं पाठवतात. पण सगळेच आले तर सगळ्यांना पोसावं लागतं, म्हणून काही अर्ज मागे राखून ठेवतात. ज्यांना ऑफर मिळाली त्यांना १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिकडच्या संघटनेच्या ठरावावर सह्या केलेली विद्यापीठं त्याआधी आर्थिक मदतीच्या ऑफरवर उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ठराव चांगलाच आहे. पण मागे राखलेल्यांचा सगळा महिना त्यात टांगणीला लागतो. 'रस आहे का' हे विचारण्याचं कारणही तेच असावं: शेवटच्या दिवसांत ऑफर द्यायची आणि समोरून नकार यायचा, हे त्यांना परवडत नाही.

म्हणजे माझ्या उत्तराला किंमत आहे. जेवणाआधीच लिहिलं: हो, नक्की येईन, आणि कोणत्या गटात काम करायचंय तेही. प्रोजेक्टमधली नवी मोजमापं दोन वाक्यांत सांगितली. मग सरळ विचारलं की वेटलिस्ट आहे का, ती विषयानुसार आहे का, आणि कधीपर्यंत कळेल. असं विचारणं उद्धटपणाचं नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. माणसाला पुढचं वर्ष आखायचं असतं, इथली नोकरी धरायची की नाही ते ठरवायचं असतं. वेटलिस्ट असेल तर विभागांनीही तो शब्द स्वच्छ लिहावा.

मग लॅबमधल्या मित्राला फोन केला. त्याच्याकडे चार ऑफर आहेत आणि कुठे जायचं ते त्याचं कधीच ठरलंय. तरी बाकीच्या 'राहू देत १५ एप्रिलपर्यंत' म्हणून तशाच ठेवल्यात. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, तू अडवलेल्या प्रत्येक जागेमागे माझ्यासारखं कोणीतरी असेल. जायचं नसेल तर आजच कळव ना." तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, दोन ठिकाणी आत्ताच कळवतो. तिसरीकडच्या प्राध्यापकांशी त्याच्या सरांची ओळख आहे, तिथलं उद्या सरांशी बोलून कळवणार आहे.