अहो, हँडब्रेक!

कराडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, डायनॅमो, वायरिंग ही रोजची कामं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतले एक ऊसवाले आबा आले आणि म्हणाले, "माझ्या गाडीला जरा बोलाय शिकीव."

गाडी त्यांनीच बनवलेली. भंगारातल्या मारुती ८०० ला ई-रिक्षाचा मागचा ॲक्सल मोटरसकट बसवलेला आणि मागच्या सीटच्या जागी १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या. आरटीओचे कागद नाहीत, त्यामुळे शेताबाहेर काढायची सोय नाही. गोठा, विहीर, पंपघर, एवढाच तिचा मुलूख. पण गाडी चालू आहे की बंद, हेच कळायचं नाही. चावी रात्रभर तशीच राहायची. एकदा तर आबा हँडब्रेक ओढलेलाच ठेवून निघाले. पेट्रोलची गाडी अशा वेळी कण्हते, बंद पडते. मोटर गपगुमान ओढत राहते, फक्त करंट जास्त खाते. लायनर जळल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मी म्हटलं, दिवा लावून देतो. तर म्हणाले, "मी वाटंकडं बघू का दिव्याकडं?"

आर्डुइनो नॅनो घेतला, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड. सोबत डीएफप्लेअर मिनी, म्हणजे कार्डात भरलेला आवाज वाजवणारी टपाल तिकिटाएवढी पट्टी. मेमरी कार्डाची खाच आणि ३ वॅटचा ॲम्प्लिफायर दोन्ही तिच्यावरच. स्पीकर जुन्या रेडिओतला. वाक्यं आधी मी माझ्याच आवाजात भरली होती: "कृपया लक्ष द्या, आपल्या वाहनाची बॅटरी..." आबांनी अर्ध्यातच हात वर केला. "आरं, तवर गाडी हिरीत जायची की!" मग काकींना बोलावलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि पहिल्याच दमात म्हणाल्या, "अहो, हँडब्रेक!" यापेक्षा नेमका इशारा मला सुचला नसता.

रविवारी सकाळी गाडीत सगळं बसवलं. रिव्हर्स टाकला तर गाडी म्हणाली, "अहो, दार उघडंय." दार उघडलं तर, "बॅटरी उतरली." दोन तास वायरी उपसल्या, एकही चुकलेली नव्हती. घोळ कार्डात होता. साध्या हुकमाला ही पट्टी फाईलचं नाव बघतच नाही. कार्डावर जी फाईल आधी गेली ती तिच्या लेखी १ नंबर. मी घाईत उलट्यासुलट्या भरल्या होत्या. एमपी३ नावाचा फोल्डर करून ०००१, ०००२ अशी नावं दिली, प्रोग्रॅममध्ये त्या फोल्डरचा हुकूम घातला, तेव्हा ती ताळ्यावर आली. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'चींऽऽ' यायचं. ते डेटाच्या वायरीत १००० ओहमचा रेझिस्टर घातला आणि ग्राउंड वेगळी ओढली तसं बसलं.

मग पाटाकडचा चढ. बॅटऱ्या रात्रभर चार्ज केलेल्या, आणि निम्म्या चढावर काकींचा आवाज: "अहो, बॅटरी उतरली!" सपाटीला आलो की गप्प. पुन्हा चढ, पुन्हा तेच. आबा वैतागले, "ही खोटं बोलाय लागली." खोटं तर होतंच. चढावर मोटर जोरात करंट ओढते, तेवढ्यापुरता लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, पाय काढला की पुन्हा वर येतो. चारही बॅटऱ्या मिळून ४६ व्होल्टच्या खाली गेल्या की बोलायचं, एवढी रेघ मारून मी मोकळा झालो होतो. असं चार वेळा झालं असतं तर आबांनी स्पीकरची वायरच तोडली असती, आणि मी त्यांना दोष दिला नसता. तिथेच बांधावर लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम बदलला. ॲक्सिलरेटर सोडून १० सेकंद झाल्यावरच व्होल्टेज मोजायचा, आणि एकदा बोलून झालं की ४९ च्या वर जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही. संध्याकाळपर्यंत पाच खेपा मारल्या, एकदाही खोटी ओरड नाही.

घरी पोचल्यावर आबांनी हँडब्रेक ओढला. जरा वेळाने वैरण आणायला म्हणून पुन्हा बसले आणि तसाच ॲक्सिलरेटर दाबला. "अहो, हँडब्रेक!" "काढतोय, काढतोय," म्हणत त्यांनी मुकाट्याने काढला.

आठवड्याने त्यांचा फोन आला. गडी गाडीला हात लावायला तयार नव्हता. ती त्यालाही 'अहो' म्हणते म्हणून. दुसरं कार्ड भरून दिलं. आवाज काकींचाच, पण सुरुवात 'ए' अशी.