वॉर्डनिहाय वाटप आणि एक जनरेटर

नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्यानंतर मी मुंबईत, अंधेरीला, नवनिर्वाचित नगरसेवकांच्या प्रशिक्षणवर्गांत अंदाजपत्रक हा विषय शिकवते. डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनंतर या वर्गांना अचानक गर्दी झाली, कारण राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती होता आणि निवडून आलेल्यांपैकी अनेकांनी सभागृह प्रथमच पाहिले होते. जानेवारीत रायगड किनाऱ्यावरील एका लहान नगरपरिषदेचे सदस्य वर्गाला आले, त्या दिवसाविषयी हे लिहीत आहे. गावाचे नाव मी देत नाही, कारण किनाऱ्यावरील आणखीही काही गावांत हेच घडताना मी पाहिले आहे.

ही मंडळी सकाळी मंत्रालयात निवेदन देऊन दुपारी वर्गात आली. निवेदन समुद्रकिनाऱ्याच्या सुशोभीकरणाचे होते: पेव्हर ब्लॉकचा पदपथ, बाके, शोभेचे दिवे आणि गावाच्या नावाची मोठी अक्षरे. अशा मागण्यांची शहरात बसून टिंगल करणे सोपे असते, पण ती मला पटत नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांवर त्या गावातील खानावळी, घरगुती निवास आणि रिक्षा चालतात. नगराध्यक्षा थेट जनतेतून निवडून आलेल्या होत्या आणि प्रचारात त्यांनी किनाऱ्याचेच वचन दिले होते, तेव्हा ती मागणी त्यांच्या दृष्टीने पहिली असणे स्वाभाविक होते.

मी त्यांना चालू वर्षाचे अंदाजपत्रक उघडायला सांगितले आणि जमेच्या बाजूला दोन रंगांनी खुणा करायला लावल्या. शासनाकडून विशिष्ट कामासाठी येणारा पैसा एका रंगाने आणि नगरपरिषदेचा स्वतःचा पैसा, म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी आणि वाहनतळाचे शुल्क, दुसऱ्या रंगाने. पहिल्या रंगाने पानेच्या पाने भरली. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या, अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती, नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण कामे या राज्य शासनाच्या योजनांचा निधी मंजूर कामाबाहेर खर्च करता येत नाही, आणि हा सगळा पैसा ज्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातील ज्या खात्याखाली, येतो त्याच लेखाशीर्षाखाली संपवावा लागतो. लहान गावाचे प्राधान्यक्रम बहुतांशी याच वाटेने ठरतात. ज्या कामाला योजना आहे ते काम पुढे सरकते आणि ज्याला योजना नाही ते कितीही निकडीचे असले तरी मागे पडते.

त्यात किनाऱ्यावरच्या गावाची आणखी एक अडचण असते. समुद्राकाठची जागा महसूल विभागाची, जेट्टी मेरीटाईम बोर्डाची किंवा मत्स्यव्यवसाय विभागाची, मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि भरतीरेषेजवळ काही बांधायचे म्हटले की २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेखालील परवानगी लागते. एका सदस्याने शांतपणे विचारले, “मग मॅडम, आमचं नक्की काय?” मी त्यांना १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ४९ वाचायला दिले. दिवाबत्ती, साफसफाई, गटारे, पाणीपुरवठा, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद ही आवश्यक कर्तव्ये तिथे आधी येतात आणि जी कामे केली तर चांगलीच, अशी स्वेच्छेची कामे नंतर येतात.

यानंतर जे घडले त्यामुळे तो दिवस माझ्या लक्षात राहिला. मागच्या सभागृहातही असलेले एक ज्येष्ठ सदस्य ३ जून २०२० विषयी बोलू लागले. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, सुरूची झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले आणि पुढे कित्येक दिवस वीज आली नाही. लोकांना छपरांपेक्षा पाण्याने जास्त हैराण केले, कारण जॅकवेलवरचे, म्हणजे जिथून पाणी उपसून टाकीत चढवतात त्या विहिरीवरचे, पंप विजेवर चालत होते. “टाकी उभी होती, विहिरीत पाणी होतं, पण वर चढवणार कसं? टँकर यायला रस्ता मोकळा नव्हता,” असे ते म्हणाले. मी विचारले, “काका, मग पंपासाठी जनरेटर घेतलात का?” त्यांनी उत्तर दिले नाही. आम्ही खर्चाची बाजू चाळली. जनरेटरचे शीर्ष होते, त्यापुढे नाममात्र तरतूद होती, आणि मागील वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात शून्य होते. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यात येऊन गेले तरी ते शून्य तसेच राहिले होते.

स्वतःचा पैसा कुठे गेला हे शोधायला वेळ लागला नाही. राखीव निधी, पगार आणि वीजबिल वजा जाता जे उरते ते दर वर्षी प्रभागांमध्ये समान वाटले जाते. प्रत्येक सदस्याला त्यातून एखादे गटार, एखादी संरक्षक भिंत, एखादी गल्ली मिळते. ही पद्धत कायद्यात नाही, पण सभागृहातील शांततेसाठी ती सर्व पक्षांनी पाळलेली आहे. माझ्या मते लहान नगरपरिषदांचे सर्वांत मोठे नुकसान या समान वाटपानेच केले आहे, कारण जे काम एका प्रभागाचे नसून सगळ्या गावाचे असते त्याला मागणारा सदस्यच उरत नाही.

हे मी बोलून दाखवताच पहिल्यांदाच निवडून आलेला एक तरुण नगरसेवक उभा राहिला. “मॅडम, माझ्या वाडीतली गटारं प्रशासकांच्या काळात कुणी उपसली नाहीत. पावसाळ्यात लोकांच्या घरात पाणी शिरतं. आता मी जाऊन सांगू की गटाराचे पैसे जनरेटरला दिले? वादळ कधी येईल माहीत नाही, पाऊस तर जूनमध्ये येणारच आहे.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. त्याची वाडी सखल भागात आहे, तेव्हा समान वाटपाने तिच्यावरही अन्यायच होतो, हेही सांगितले. उंचावरच्या प्रभागात सुस्थितीतील गल्लीवर पुन्हा काँक्रीट पडते आणि त्याच्या वाडीला तेवढ्याच रकमेत सगळी गटारे भागवावी लागतात.

इथून पुढे चर्चेतून मी बाजूला झाले. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, कोणत्या प्रभागात कोणती गल्ली दोनदा झाली हेही निघाले. नगराध्यक्षांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि मग सुचवले की, “सुशोभीकरणाचं निवेदन राहू दे, तो पैसा शासनाचा आहे. पण पर्यटकांच्या वाहनतळाचं शुल्क आपलं आहे. ते यंदा वाटपात घ्यायचंच नाही, आधी पंपाच्या जनरेटरला आणि सखल भागातल्या गटारांना द्यायचं.” त्यावर तिघांनी हरकत घेतली. काकांनी मात्र डिझेल आणि देखभाल यांचे वेगळे शीर्ष मागितले, कारण यंत्र घेऊन ठेवले आणि चालवलेच नाही तर ऐन वेळी ते सुरू होत नाही, हा त्यांचा अनुभव होता. ती सूचना मला त्या दिवसातली सर्वांत उपयोगी वाटली.

वर्ग संपल्यावर मी त्यांना ठरावाचा मसुदा करून दिला. फेब्रुवारीतील अंदाजपत्रकाच्या सभेत तो बहुमताने मंजूर झाल्याचे मुख्याधिकाऱ्यांनी मला फोनवर कळवले. दोन सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला, आणि तो इतिवृत्तात जसाच्या तसा घ्या असे मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितले, कारण पुढच्या वर्षी वाटपाचा प्रश्न पुन्हा निघेल तेव्हा दोन्ही बाजू कागदावर असायला हव्यात. जनरेटरची निविदा पावसाळ्यापूर्वी निघावी म्हणून तांत्रिक मान्यतेचा प्रस्ताव त्याच आठवड्यात पाठवण्यात आला.